चिमूटभर सुंठवडा

वच्छलाबाईंचं रोजचं व्रत साधं होतं. पहाटे आंघोळ करायची, दत्ताच्या तसबिरीपुढं दिवा लावायचा, पोथीचा अध्याय वाचायचा आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. नैवेद्य सुंठवड्याचा. सुंठ, खोबरं, खडीसाखर, वेलदोडा, सगळं खलबत्त्यात बारीक कुटलेलं. त्यातली पहिली चिमूट मालकाच्या हातावर, मग स्वतःच्या. मालकाच्या तोंडात प्रसाद पडल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि जेवायचं तेही दिवसातून एकदाच. मालकांचं तोंड वाकडं झालं होतं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या हे देवाला बोलल्या होत्या. त्यानंतर एकदाही चुकल्या नव्हत्या.

त्या व्रतात मुळात नसलेली एक गोष्ट मात्र त्यांनी मागाहून घातली होती, आणि ती दत्ताखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मालकाच्या वाटणीच्या सुंठवड्यात रोज एक गोळी कुटलेली असे.

त्याला तसं कारण झालं होतं. मालकांची, म्हणजे रामकिसनरावांची, हर्सूलला पिठाची गिरणी. एका सकाळी दळण चालू असताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हातातला डबा सुटला, बोलणं बोबडं झालं. दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं पुन्हा जागेवर आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, ही सूचना समजा, रक्त पातळ ठेवायची ही गोळी आता जन्मभर घ्यायची. रामकिसनरावांनी काही महिने घेतली. मग त्यांचे थोरले भाऊ किडन्या जाऊन वारले, आणि भावकीत जो तो म्हणू लागला, गोळ्यांनी खाल्लं. तेराव्याहून परत आल्यावर रामकिसनरावांनी फडताळातली पाकिटं उचलली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली.

वच्छलाबाईंनी विनवून पाहिलं. पण त्यांचा आवाज मुळातच बारीक. गिरणीच्या पट्ट्याच्या फटफटीत तो कधी कुणाला ऐकू गेला नव्हता. पुढं एका दुपारी चहा पिताना मालकांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहाची धार गळाली. त्यांनी ती उपरण्यानं पुसली आणि कप फुटका हाय म्हणाले. कप फुटका नव्हता.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई फुलवाती आणायच्या निमित्तानं शहरात गुलमंडीला गेल्या आणि येताना पिशवीच्या तळाशी गोळ्या घेऊन आल्या. हर्सूलच्या दुकानात घेतल्या असत्या तर त्या घरी यायच्या आत बातमी गिरणीवर पोचली असती. सुंठ तिखट, खडीसाखर गोड. गोळीचा कडवटपणा त्यात कुठल्या कुठं जिरून जाई. देवापुढं त्या दोन वाट्या ठेवत. मोठी वाटी सगळ्यांसाठी, छोटी मालकांसाठी. छोटीत गोळीची पूड नैवेद्याच्या आधीच घालून ठेवत. नंतर घातली असती तर ते देवालाही चोरून झालं असतं. निदान त्याच्यापासून तरी काही लपवायला नको, असं त्यांना वाटे.

रामकिसनराव खडखडीत राहिले. आणि राहिले ते राहिले, गिरणीवर येईल त्याला सांगू लागले. “आपल्याला गोळीबिळी काय नाय. घरचा सुंठवडा आन दत्ताची कृपा.” मग दळण न्यायला आलेल्या बायका पिठाबरोबर चिमूटभर प्रसादही मागू लागल्या. वच्छलाबाई त्यांना मोठ्या वाटीतला देत आणि देताना मान खाली घालत. बायकांना तो भक्तिभाव वाटे.

आणि आता जांघेत गाठ आली होती. पोती उचलून उचलून अंतर्गळ झाला होता. रामकिसनरावांनी ती बरेच दिवस लंगोट आवळून आवळून दाबून धरली. धुण्यात लंगोटाची पट्टी तिहेरी शिवलेली दिसली तेव्हा वच्छलाबाईंना कळलं. मग एक दिवस गाठ आत जाईना. गिरणी बंद करून ते गव्हाच्या पोत्यावर पाय ठेवून तासभर उताणे पडले, घामानं निथळले, तेव्हा कुठं ती सरकली. त्यानंतर दवाखान्याला ते नाही म्हणाले नाहीत.

गुलमंडीच्या दुकानदारानं पहिल्याच खेपेला बजावलं होतं: मावशी, ही गोळी चालू असताना साधा दात काढायचा असला तरी डॉक्टरला आधी सांगा, रक्त थांबत नाही. ते बोलणं वच्छलाबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गोळी एकदम बंद करावी तर पुन्हा तोंड वाकडं व्हायची भीती, चालू ठेवावी तर ऑपरेशनची. म्हणून त्या सकाळीही त्यांनी छोट्या वाटीत पूड घातली, मालकांच्या हातावर प्रसाद दिला आणि रिक्षात बसताना एकच ठरवलं. मालकांना कळू न देता डॉक्टरांच्या कानावर घालायचं. तेवढं जमव, म्हणून त्या वाटभर दत्ताला सांगत होत्या.

दवाखान्यात बाकावर त्यांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ पायाला पट्टी बांधून बसले होते. नूरमोहम्मद त्यांचं नाव, साखरेचे रोगी, पायाची जखम भरत नव्हती. त्यांची मुलगी फहमिदा मांडीवर औषधांची पिशवी घेऊन बसली होती. रामकिसनरावांना बोलल्याशिवाय राहवत नसे. एवढ्या गोळ्या कशाला खाता चाचा, असं म्हणत त्यांनी सगळी कथा सांगितली. तोंड वाकडं झालेलं, गोळ्या उकिरड्यावर टाकल्या त्या, मंडळींचं व्रत, सुंठवडा, आणि तेव्हापासून कसा एक दिवस दुखणं नाही.

नूरमोहम्मद मन लावून ऐकत होते. “मियां, हमारा तो नाश्ताच गोळ्यांचा हाय,” ते म्हणाले. “पाव नंतर. पहले गोळ्या.” मग पुढं वाकून वच्छलाबाईंकडं पाहत म्हणाले, “भाभी, हमकू बी दो चिमूट देव. ये सब पिशवी इधरच ठेवून जातो.”

फहमिदा हसली नाही. घरात रोज हाच वाद चालतो, ती वच्छलाबाईंना हळूच म्हणाली. कालपासून दोन वेळच्या गोळ्या त्यांनी घेतल्याच नाहीत. आज जखम पाहून डॉक्टर पायाचं बोट ठेवायचं की काढायचं ते सांगणार.

“देऊ की,” रामकिसनराव म्हणाले, “आमच्याकडं कुणाला नाय म्हणत नाहीत. आगं, प्रसादाची डबी काढ.”

वच्छलाबाईंनी पिशवीवरचा हात हलवला नाही. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं, आणि त्या मालकांच्याही आधी उठून उभ्या राहिल्या.

डॉक्टर दांडगे चाळिशीचे, शांत, बोलताना टेबलावरच्या कागदावर चित्र काढायची सवय असलेले. त्यांनी रामकिसनरावांना पडद्यामागच्या टेबलावर घेतलं. खोकायला सांगितलेलं ऐकू आलं, उभं राहायला सांगितलेलं, पुन्हा झोपायला. मग मालकांचा दातांतून आलेला आवाज. वच्छलाबाई खुर्चीत बसून पडद्याच्या खालून दिसणाऱ्या दोन पायांकडं बघत होत्या. बराच वेळ लागला.

डॉक्टर एकटेच बाहेर आले आणि बेसिनवर हात धुऊ लागले. आत रामकिसनराव कपडे सारखे करत होते. हीच वेळ होती. वच्छलाबाई उठल्या, दोन पावलं पुढं गेल्या.

“सायेब, एक सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या.

नळ चालू होता. डॉक्टरांनी मान वळवली. “काय म्हणालात?”

“ह्यांच्या गोळीचं...”

“ऐकू येत नाही हो मावशी, जरा मोठ्यानं बोला.”

मध्ये एक हिरवा पडदा होता, तोही खालून आखूड. पडद्याखाली मालकांचे पाय चपला शोधत होते. मोठ्यानं बोलणं म्हणजे मालकांनाच सांगणं. वच्छलाबाईंचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून भलतंच बाहेर आलं. किती दिवस ऱ्हावं लागंल, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगतो, बसा, दोघांना मिळूनच सांगतो. नळ बंद झाला. पडदा सरकला.

मग डॉक्टरांनी कागद ओढला आणि पोटाची भिंत काढली, तिला पडलेलं भोक काढलं, त्यातून बाहेर डोकावणारं आतडं काढलं. आतडं आज आत गेलंय पण मोठ्या मुश्किलीनं गेलंय, म्हणाले. एखाद्या दिवशी अडकलं आणि त्याचं रक्त बंद झालं तर ते आतल्या आत सडतं, मग जिवावर बेततं. तेव्हा थांबण्यात अर्थ नाही. भोकावर एक बारीक जाळी शिवायची, म्हणजे मांस तिच्यावर धरतं आणि भिंत पक्की होते.

“आमच्या गिरणीला जाळी, आन आता मला बी जाळी,” रामकिसनराव म्हणाले. डॉक्टर हसले. मालक मात्र मग खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांनी विचारलं की बाबा, हे केल्यावर मागं काय काय लागतं ते सरळ सांगा. पोतं उचलता येतं का? जाळी आत टोचती का? भावाच्या वेळी सगळे म्हणाले किरकोळ हाय.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सूज येते, कधी पाणी साचतं, ते बहुधा आपोआप जिरतं. भूल उतरेपर्यंत लघवी अडकू शकते. मांडीच्या आतल्या बाजूला काहींना बधिर लागतं, आणि थोड्यांना तिथली कळ वर्षभरही राहते, अगदी थोड्यांना कायमची. जाळीला जंतू लागला तर ती काढावी लागते, पण असं क्वचितच. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून पोतं तीन महिने नाही, आणि त्यानंतरही एकट्यानं नाही. रामकिसनरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून आणखी एक विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याला काही होत नाही, निश्चिंत रहा.

वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना वाटलं, आता तारीख पुढच्या पंधरवड्यातली देतील. मग उद्या फुलवातींना म्हणून निघू, एकटंच येऊन सांगू.

“परवा सकाळी मोकळं आहे,” डॉक्टर म्हणाले. “परवाच घेऊन टाकू. बीपी नाही, साखर नाही. पूर्वी काही आजार?”

“तीन वर्सांमागं तोंड जरा वाकडं झालं व्हतं. घटकाभरात सरळ झालं.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “मग गोळी चालू असेल. रक्त पातळ करायची?”

“गोळी?” रामकिसनराव ऐटीत मागं टेकले. “कव्हाच सोडली सायेब. हिच्या प्रसादावर हाय आपण.”

“नक्की ना? कारण मी कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार. ती गोळी रक्तात असली तर सुई गेलेल्या जागी, मणक्याजवळ रक्त साचतं, आणि कधीकधी पाय जातात ते परत येत नाहीत. म्हणून दोनदा विचारतो.”

“सायेब, दत्ताची आन. दोन वर्सांत गोळीला हात लावला नाय.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. मालक खरं बोलत होते. त्यांनी हात लावला नव्हता. त्यांनी वाहिलेली आण खरी होती आणि त्यांचे पाय परवा सकाळी त्याच खऱ्या आणेपायी जायचे होते. वच्छलाबाईंना देवघरातली छोटी वाटी डोळ्यांपुढं दिसली. आज सकाळीच घासून उपडी घातलेली.

“गोळी चालू हाय,” त्या म्हणाल्या.

या वेळी ते ऐकू गेलं. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना स्वतःलाही नवीन होतं.

“कोणाची?” रामकिसनरावांनी विचारलं.

“तुमची.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मग त्यांनी हळूहळू विचारत सगळं काढून घेतलं. कुठली गोळी, किती पॉवरची, कशी देता, आज दिली का. वच्छलाबाईंनी पिशवीतून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पूड करून, त्या म्हणाल्या. प्रसादात. रोज. आज बी.

मालक त्या पाकिटाकडं पाहत होते. ते हातात घ्यावं असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

डॉक्टरांनी तिथूनच, ती गोळी लिहून देणाऱ्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं बोलणं झालं. मग त्यांनी समजावून सांगितलं. परवाचं रद्द. आठवडाभर गोळी बंद, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, आणि झालं की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. या आठवड्यात धोका दोन्हीकडून आहे. तोंड, हात, बोलणं यांत फरक पडला तर तासाच्या आत यायचं. गाठ बाहेर येऊन अडकली, उलटी झाली तरी तसंच. पोतं सोडा, पाण्याची घागरही उचलायची नाही. शेवटी ते वच्छलाबाईंना म्हणाले, “मावशी, बोललात ते बरं केलं.” त्यावर त्यांना मान वर करवली नाही.

बाहेर बाकावर नूरमोहम्मद वाटच बघत होते. “क्या बोले मियां? और भाभी, वो दो चिमूट?”

रामकिसनराव त्यांच्यापुढून निघून गेले. दारापर्यंत गेले. वच्छलाबाई मागून चालत होत्या. दारात ते थांबले, चौकटीला हात लावून क्षणभर उभे राहिले, मग वळले आणि बाकापाशी परत आले. आजूबाजूला माणसं बसलेली होती.

“चाचा, गोळ्या सोडू नका,” ते म्हणाले. “माझ्या प्रसादात गोळी व्हती. मला आत्ता कळलं.”

नूरमोहम्मदांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी मालकांचा चेहरा पाहिला, वच्छलाबाईंचा पाहिला, आणि मुलीपुढं हात पसरला. फहमिदानं पिशवी उघडली.

रिक्षा हर्सूलच्या रस्त्याला लागेपर्यंत रामकिसनराव बाहेर बघत बसले होते. रस्त्यावरच्या जेलच्या भिंतीपाशी त्यांनी विचारलं, “कव्हापासून?”

“चहा गळला व्हता तव्हापासून.”

“आन देवाला दाखवून?”

“व्हय. देवापासून नाय लपवलं.”

“म्हंजे मलाच नव्हतं ठावं,” ते म्हणाले. मग तोंड पुन्हा बाहेर वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईंनी एकाच वाटीत सुंठवडा केला. अध्याय वाचला, नैवेद्य दाखवला, वाटी घेऊन ओसरीत आल्या. रामकिसनराव गिरणीची किल्ली घेऊन उभे होते. त्यांनी वाटीकडं पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या दिवशी वच्छलाबाई जेवल्या नाहीत. तुळशीचं पान आणि पाणी घेतलं. मालकांना व्रताचा नेम ठाऊक होता. तो वापरून त्यांना बोलतं करावं असं वच्छलाबाईंच्या मनात नव्हतं, म्हणून त्यांनी चुलीवर भाकरी नेहमीसारखी केली, मालकांना वाढली आणि आपलं ताट मांडून पुन्हा उचलून ठेवलं, आवाज न करता. ताट न वाजलेलं मात्र रामकिसनरावांना ऐकू गेलं असावं. ते दुसरी भाकरी न घेता उठले.

पुढच्या दिवशीही तेच. गिरणीवर पोती उचलायला त्यांनी रोजानं बन्सीला बोलावलं होतं आणि स्वतः खुर्चीत बसून नुसता पट्टा चढवत-उतरवत होते. दळणाला आलेल्या सारजाबाईंनी प्रसाद मागितला तेव्हा ते म्हणाले, आपल्या दवाखान्याच्या गोळ्या घेत जा, प्रसाद वेगळा आन गोळी वेगळी. सारजाबाई हसून म्हणाल्या, आता काहून, देव रुसला का काय? त्यांनी पट्टा चढवला. त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

वच्छलाबाई आतून मालकांच्या तोंडाकडं बघत राहत. डावा ओठ खाली येतो का, पाणी पिताना गळतं का. रात्री ते झोपले की श्वास ऐकत. एकीकडं गोळी बंद, एकीकडं गाठ, आणि मध्ये हे न बोलणं. पोथीतल्या ओळीवरून नजर घसरायची आणि पुन्हा पहिल्या ओवीला यावं लागायचं.

तिसऱ्या सकाळी त्या वाटी घेऊन आल्या तेव्हा उंबऱ्याशी त्यांना भोवळ आली. पडल्या नाहीत, चौकट धरून उभ्या राहिल्या. रामकिसनराव ओसरीवर बसले होते. त्यांनी वाटीकडं पाहिलं, मग बायकोकडं.

“आधी तू,” ते म्हणाले.

वच्छलाबाईंना पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं. मालकाआधी प्रसाद तोंडात घालायचा म्हणजे व्रत मोडायचं. आणि न घालायचा म्हणजे वाटीत काय आहे ते सांगायला नकार द्यायचा. मालक दरडावून बोलले नव्हते, रागानंही नाही. परक्याच्या घरी विहिरीचं पाणी प्यायच्या आधी माणूस विचारतो, तसं विचारलं होतं.

त्यांनी देवघराच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग चिमूट उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. सुंठ जिभेला झोंबली. डोळ्यांत पाणी आलं, ते सुंठेचं म्हणायला सोपं होतं.

रामकिसनराव बायकोच्या गळ्याकडं बघत होते. घास उतरलेला दिसला तेव्हा त्यांनी हात पुढं केला.

त्यानंतर रोज तसंच झालं. त्या आधी, मग ते. ते फारसं बोलत नव्हते. पण ताट वाजायला लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी वच्छलाबाई पायऱ्यांवर बसून जप करत होत्या. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की सगळं नीट झालं, जाळी बसली, रक्त गेलं नाही. त्यांनी हात जोडले. पण खाटेवर आणल्यावर मालक पहिलं वाक्य बोलले ते पायांबद्दल. “पाय नाहीत मला,” ते म्हणाले. “हात लावून बघ, हायत का?”

नर्स म्हणाली, भूल आहे, उतरेल. वच्छलाबाईंना ते ठाऊक होतं आणि तरी डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घुमत होतं, पाय जातात ते परत येत नाहीत. आठवडा पुरला असेल का? मी सांगायला एक दिवस उशीर तर केला नाही? त्यांनी चादरीखाली हात घालून मालकांचा तळवा धरला. थंड, जड, दुसऱ्याचा असावा तसा. मालक छताकडं बघत होते. दुपार कलली, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा डबा आला, उघडला, संपला. पाय तसेच.

“हलवा जरा,” त्या म्हणाल्या.

“हलवतोच हाय कव्हाचा.”

त्यांच्या मुठीत काही हललं नाही. त्या मूठ सोडेनात. खिडकीतून ऊन आत आलं, खाटेच्या पायथ्यापर्यंत सरकलं. आणि मग त्यांच्या तळहाताला आतून काहीतरी लागलं, मांजरीच्या पिलानं ढुशी द्यावी इतकं हलकं. अंगठा.

“लागलं का?” मालकांनी विचारलं.

“लागलं.”

रामकिसनरावांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं दुसरा पायही हलला, आणि मग टाके दुखू लागले म्हणून ते कण्हायला लागले. वच्छलाबाईंना कण्हण्याचं एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं चहा-बिस्कीट चालेल म्हणून सांगितलं आणि छोट्या कागदी कपात गोळी ठेवून गेली. वच्छलाबाई दवाखान्याच्या न्हाणीत आंघोळ करून, खिडकीत दत्ताची छोटी तसबीर ठेवून नैवेद्य दाखवून आल्या होत्या. मालकांनी कप घेतला, गोळी तळहातावर ओतली. बराच वेळ ते ती बोटानं इकडून तिकडं फिरवत होते.

“एवढीच व्हय?” ते म्हणाले.

“एवढीच.”

त्यांनी ती तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि मान मागं करून गिळली. जरा कडू लागल्यासारखं तोंड केलं. मग त्यांनी तोच तळहात पुढं धरला.

वच्छलाबाईंनी डबी उघडली. मालक आज ‘आधी तू’ म्हणाले नाहीत. हात पसरून थांबले होते, पहिल्यासारखे. व्रत होतं तसं पुन्हा धरायला आता कुणाची हरकत नव्हती. वच्छलाबाईंनी चिमूट उचलली, क्षणभर तशीच धरली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आधी आपल्या तोंडात टाकली. मग दुसरी त्यांच्या हातावर ठेवली.